धारवाल्याची जबानी

एकोणीस वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते पत्र मला पुन्हा आठवलं तेव्हा गळा चिरलेला एक माणूस माझ्या शेजारी उभा राहून चहात बिस्किट बुडवत होता.

“रक्त कशाचं करता हो दादा?” हिनं त्याला विचारलं. ही म्हणजे माझी बायको. बोलायला सुरुवात करण्यासाठी तिला ओळख लागत नाही.

“मधाचं, काकू. मध आणि लाल रंग.” त्यानं गळ्यावरची माशी हाकलली. “दिसतं झकास, पण माश्या सुखानं मरू देत नाहीत.” मग तो माझ्याकडे वळला. “तुम्हीच ना ते पुस्तकवाले आजोबा? मानलं बुवा तुम्हाला! दुपारी फितुराचा सीन आहे. आज जेवायला कुणी लांब जाणार नाहीये. असला हरामखोर तुम्ही शोधून काढलात तरी कुठून?”

मी कप बशीत ठेवला.

“फितुराचा सीन आहे?”

“म्हणजे काय! त्याच्यामुळेच तर आमचे अकरा जण पकडले जातात.” असं म्हणून त्यानं उरलेलं बिस्किट तोंडात टाकलं आणि तो मरायला गेला.

मी न्यायालयाच्या दफ्तरखान्यात छत्तीस वर्षं काम केलं. तळघरातली जागा, वर दोन झरोके. जुने कागद झटकायचे, लावायचे, शिवायचे, कपड्यात बांधायचे आणि मागितले की काढून द्यायचे. मागणारे कमी. वाचणारा बहुधा मी एकटाच. त्या वाचनातून मी एक चौऱ्याऐंशी पानांचं पुस्तक लिहिलं. आमच्या शहरात सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी धक्क्यावरच्या गल्ल्यांत दोन टोळ्या होत्या. एक कोळसेवाल्यांची, दुसरी दोरवाल्यांची. एक टोळी बोटींतला कोळसा उतरवणाऱ्यांची, दुसरी जहाजांचे दोर वळणाऱ्यांची. दिवसा काम, संध्याकाळी मारामारी. कोळसेवाल्यांचा म्होरक्या एका हातानं थोटा होता, म्हणून त्याला थोटाच म्हणत. एके दिवशी पोलिसांनी कोळसेवाल्यांचं गोदाम मागच्या खिडकीतून शिरून पकडलं. अकरा जण सापडले, चार फासावर गेले. थोटा त्या दिवशी नेमका गोदामात नव्हता. कुणीतरी फितूर झालं होतं. ते कोण, हे माझ्या पुस्तकानं पहिल्यांदा सांगितलं: टोळीच्या सुऱ्यांना धार लावून देणारा, पायचाक घेऊन फिरणारा एक धारवाला.

पुस्तकाच्या तीनशे प्रती काढल्या होत्या. त्यातल्या बऱ्याचशा अजून आमच्या पलंगाखाली आहेत. त्यातली एक रद्दीच्या दुकानातून सिनेमावाल्या बाईंच्या हाती लागली. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. फोन हिनं घेतला आणि माझ्या वतीनं “येतील, येतील, न्यायला गाडी पाठवा” असं सांगूनही टाकलं.

आणि खरं सांगतो, सकाळी तिथे उतरलो तेव्हा मला पत्रबित्र काही आठवत नव्हतं. शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात त्यांनी माझी गल्ली उभी केली होती! लाकडी माड्या, गॅसचे दिवे, कोळशाच्या गोण्या, दोरांची वेटोळी. मी खाली वाकून बघितलं. गल्लीतले दगड दोन्ही बाजूंनी मधल्या गटाराकडे उतरते बसवले होते. हे मी सदतिसाव्या पानावरच्या तळटिपेत लिहिलं होतं. तळटीप कुणी वाचत नाही अशी माझी समजूत होती. इथे लोकांनी ती दगडात बांधली होती आणि तिच्यावरून माणसं घसरत होती.

“अगं, बघ, उतार!” मी हिला म्हणालो.

“बघते. पडू नका म्हणजे झालं.”

मग मारामारी सुरू झाली. एकीकडून तोंडाला काजळी फासलेले शंभर कोळसेवाले, दुसरीकडून खांद्यावर दोर टाकलेले शंभर दोरवाले. आधी कुणीच हललं नाही. नुसता पायांचा आवाज, सगळे एका तालात दगडावर टाच आपटताहेत. मी पुस्तकात लिहिलं होतं की अशी सुरुवात व्हायची, पण तो आवाज कसा असेल ते मला ठाऊक नव्हतं. तो पोटात वाजतो. मग कुणीतरी किंचाळलं आणि दोन्ही लाटा एकमेकींवर आदळल्या. दोर सपासप फिरले, गोण्या फुटल्या, काळा धुरळा उडाला. त्या धुरळ्यात मला दिसलं की पांढऱ्या घोड्यावरच्या थोट्यामागे एक दोरवाला फास घेऊन आलाय.

“मागे! मागे बघ!” मी ओरडलो.

आयुष्यात मी एवढ्यानं ओरडलो नव्हतो. थोट्यानं मागे बघितलं. घोड्यानंही बघितलं. दोनशे माणसं थांबली.

“कोण ओरडलं?” कर्ण्यातून बाईंचा आवाज आला.

हिनं निमूटपणे माझ्याकडे बोट दाखवलं.

बाई उठून आल्या. चाळिशीतल्या, केस आखूड, गळ्यात तीन दोऱ्या: एकीला चष्मा, एकीला शिट्टी, एकीला पेन. मी म्हणालो, “चुकलो. मला वाटलं, त्याला मारतील.”

“मारणारच होते ना आजोबा!” त्या हसायला लागल्या. “तुम्हीच लिहिलंय की!”

दोनशे माणसं हसली. मीसुद्धा हसलो, आणि मला फार बरं वाटलं. त्यानंतर चहा झाला आणि तो गळा चिरलेला भेटला.

ते पत्र एका बाईंचं होतं. निळ्या शाईत, एक पानभर. दुसऱ्या गावात त्यांचं सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं दुकान होतं. त्यांनी लिहिलं होतं:

‘तुमच्या पुस्तकातला धारवाला माझा पणजोबा. माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांचे ते आजोबा. आमच्या दुकानाच्या दारावर त्यांचं चाक टांगलेलं होतं. ते पोलिसांच्या माराला बधले नाहीत असं वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. तुमचं पुस्तक वाचल्यावर त्यांनी स्वतः शिडीवर चढून चाक खाली काढलं. मला भांडायचं नाही. एवढंच विचारायचं आहे, तो कागद तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात का? ‘हो’ असेल तर तसं कळवा, आम्ही मान्य करू.’

मी पाहिला होता. ताठ मानेनं ‘हो’ लिहिणार होतो. पण माझा स्वभाव असा की घराला कुलूप लावलं तरी मी जिन्यावरून परत येतो. उत्तर लिहिण्याआधी मी तळघरात जाऊन तो गठ्ठा पुन्हा सोडला, आणि ते ‘हो’ लिहायचं राहूनच गेलं.

जेवणाची सुट्टी झाली. आम्ही एका लाकडी माडीच्या सावलीत बसलो होतो तोच एक उंच, वाळका म्हातारा ताट घेऊन आला. अंगावर कारागीर पुढून बांधतात तसा चामडी पुढा, हाताला काळं.

“साहेब, बसू का? मी तुमचा धारवाला.”

त्याचा चेहरा मी कुठंतरी पाहिला होता. नंतर लक्षात आलं, शेकडो ठिकाणी पाहिला होता, पण कधी एका क्षणापेक्षा जास्त नाही.

“चाळीस वर्षं झाली या धंद्यात,” तो म्हणाला. “काम एकच, मरणं. कड्यावरून पडलो, घोड्याखाली आलो, तोफेनं उडालो. माझी नात मोजते. दोनशे सोळा वेळा मेलोय. बोलायला मात्र कधी मिळालं नाही. एकदा मिळालं होतं, ‘धनी, पळा!’ त्यातला ‘पळा’ नंतर कापला.”

ही हसून लोटपोट झाली.

“हसा वहिनी. पण आता बघा.” त्यानं पुढ्याच्या खिशातून घडी घातलेले दोन कागद काढले. “दीड पान! सलग! आख्खी कबुली. तुमच्या पुस्तकावरून बेतलीय साहेब. दोन महिने पाठ करतोय. बायको म्हणते, झोपेत फितूर होता तुम्ही.” त्यानं ताट बाजूला ठेवलं, खांदे पाडले आणि हलक्या, चिकट आवाजात सुरुवात केली. “गोदामाची मागची खिडकी आतून लागत नाही, साहेब. अकरा जण झोपतात तिथं...”

माणूस फार चांगला नट होता. त्याच्या आवाजात तो धारवाला इतका ओंगळ झाला की मलाही त्याची किळस आली. मग वाटलं, हे थिएटरात हजारो लोक ऐकतील. त्या दुकानातही कुणीतरी ऐकेल.

तो हात धुवायला गेला. मी ताटाकडे बघत बसलो.

“बोला आता,” ही म्हणाली.

“काय बोलू?”

“ते मला काय विचारता? एकोणीस वर्षं तुम्ही कागद टरकावताय आणि मी केराची टोपली रिकामी करतेय. ‘आपले पत्र मिळाले’ याच्या पुढं तुमची गाडी कधी गेली नाही.” तिनं पर्स उघडली आणि निळ्या शाईचं ते पत्र माझ्या मांडीवर ठेवलं. “शब्दकोशात दडवलं होतंत. सगळं घर झटकणारी बाई शब्दकोश तेवढा झटकणार नाही असं वाटलं होय?”

“तू आणलंस?”

“पाकीटही आणलंय. तिकिटासकट. सकाळी दुधाबरोबर घेतलं.”

“आता सांगून काय उपयोग? त्यांनी सगळं ठरवलंय. आणि समजा, माझंच पुन्हा चुकत असलं तर? एकदा चुकलेला माणूस...”

“अहो,” ती म्हणाली, “सकाळी घोड्यावरच्या खोट्या माणसाला वाचवायला केवढ्यानं ओरडलात! हा तर खरा होता.”

मी उठलो. पत्र खिशात घातलं आणि बाईंकडे निघालो. भीतीनं की उत्साहानं, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाई पोलीस चौकीच्या देखाव्यात टेबलाशी बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर थोट्याचं काम करणारा नट, तो मोठा हिरो, सफरचंद खात होता.

“बाई,” मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं नाही. खाकरून पुन्हा म्हणालो.

“या आजोबा. आता ओरडायचं नाही हं.”

“धारवाला फितूर नव्हता.”

“असं कोण म्हणतं?”

“मी.”

“पण पुस्तकात तर आहे.”

“तेही मीच.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “बसा. नीट सांगा.”

बसून मला सांगता आलं नसतं. मी म्हणालो, “मला चार कोरे कागद द्या. आणि टाचणी.”

कपडेपटातल्या मुलीनं बाहीवरची टाचणी काढून दिली. मी कागद टेबलावर मांडले. आणि काय झालं कोण जाणे, माझे हात आपोआप चालू लागले. छत्तीस वर्षं ज्यांनी हेच केलं ते हात होते.

“प्रत्येक जबानी दोन पानांची असायची,” मी म्हणालो. “पहिल्या पानावर नाव, वय, धंदा. दुसऱ्यावर तो काय बोलला ते. धारवाल्याची दोन पानं, थोट्याची दोन पानं. दोघांनाही गोदामावरच्या छाप्याआधी एकाच आठवड्यात धरलं होतं. पुढं कधीतरी तळघरात पाणी शिरलं, शिवण कुजली, पानं सुटी झाली. मी अठ्ठावीस वर्षांचा असताना तो ढीग माझ्याकडे लावायला आला. धारवाल्याचं पहिलं पान आणि फितुरीचं दुसरं पान, दोन्हींवरच्या पाण्याच्या डागाची कड बरोब्बर जुळत होती. मी जोडलं आणि शिवलं. पण पाण्याचा डाग आख्ख्या गठ्ठ्यावर एकसारखा उतरतो, त्यावरून जोडायचं नसतं. जोडायचं ते कसरीवरून.”

“कसर म्हणजे?”

“कागद खाणारा किडा.” मी दोन कागद एकावर एक ठेवून टाचणी आरपार खुपसली, तीन ठिकाणी. दुसऱ्या दोघांत वेगळ्या तीन ठिकाणी. “जबान्या वेगवेगळ्या शिवलेल्या होत्या. एका जबानीतली कसर तिच्याच दोन पानांतून आरपार जाते. आता हे मिसळा. उजेडाला धरा.”

बाईंनी कागद मिसळले आणि दिव्यासमोर धरले. एक जोडी जुळेना. दुसरी धरली आणि तीन ठिपके उजेडाचे दिसले.

“अरे!” कपडेपटातली मुलगी म्हणाली. मागे माणसं जमायला लागली होती.

“ते पत्र आल्यावर मी खरे कागद असेच उजेडाला धरले,” मी म्हणालो. “फितुरीचं पान धारवाल्याच्या पानाशी जुळत नाही. ते थोट्याच्या पानाशी जुळतं.”

हिरोचं सफरचंद तोंडापाशीच राहिलं.

“म्हणजे मी?” तो म्हणाला.

“तुम्ही,” मी म्हणालो. “माफ करा.”

बाईंनी कपाळाला हात लावला आणि त्या हसत सुटल्या. ते हसू काही आनंदाचं नव्हतं. “आजोबा, अडुसष्ट दिवस शूटिंग झालंय. त्यातले साठ दिवस हा पांढऱ्या घोड्यावर बसून गोरगरिबांसाठी छाती पुढं काढतोय. आणि तुम्ही आज सांगताय?”

“एकोणीस वर्षं उशीरच झाला,” मी म्हणालो.

“तुमची खात्री आहे?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. ‘खात्री’ हा शब्द मी कुणासमोर कधी वापरलेला नाही. मी नेहमी ‘बहुधा’ म्हणतो, ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ म्हणतो. पुस्तकात सत्तेचाळीस वेळा ‘बहुधा’ आहे. फक्त त्या एका वाक्यात नव्हता.

“खात्री आहे,” मी म्हणालो. “कारण धारवाल्याचं खरं दुसरं पानही सापडलं. मीच ते किरकोळ कागदांत टाकलं होतं. त्यावर एकच वाक्य चार वेळा लिहिलंय, ‘मला काही माहीत नाही.’ खाली एक वर्तुळ. तरुणपणी मला वाटलं, कारकुनानं ओली दौत टेकवली असेल, तिचा डाग पडला. पण डागाला आरे नसतात. आत चार बारीक रेघा होत्या. लिहिता न येणारी माणसं सहीच्या जागी आपल्या धंद्याची खूण काढत. ते त्यानं काढलेलं चाक होतं.”

मग मागून आवाज आला.

“म्हणजे माझं दीड पान गेलं.”

वाळका म्हातारा नट दारात उभा होता. सगळं त्यानं ऐकलं होतं. हातात ते दोन कागद होते. मला वाटलं, जमिनीनं मला पोटात घ्यावं. एका माणसाची अब्रू परत करायला मी दुसऱ्याच्या तोंडचा घास काढत होतो.

“मला फार वाईट...” मी सुरुवात केली.

त्यानं हात वर करून मला थांबवलं. तो आरोपीच्या स्टुलावर जाऊन बसला. हातातल्या कागदांची घडी त्यानं नीट केली.

“चार वेळा म्हणाला?” त्यानं विचारलं.

“हो.”

“चारही वेळा सारखंच लिहिलंय?”

“अक्षर न् अक्षर.”

“लिहिलं असेल सारखं,” तो हळूच म्हणाला. “म्हणाला नसेल सारखं.” त्यानं मान वर केली. डोळे लकाकत होते. “बाई, मला करून बघू द्या.”

बाईंनी त्याच्या हातातले कागद घेतले. गळ्यातलं पेन काढलं आणि कबुलीवरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आडवी रेघ मारली. मग माझ्याकडे वळल्या. “हिरोला मी फितूर करू शकत नाही आजोबा, मला घरी बसवतील. फितूर कोण ते पडद्यावर कळणार नाही, पाठमोरा दाखवते. एवढंच माझ्या हातात आहे. चालेल?”

चालेल म्हणायची मला सवय आहे. या वेळी मी थांबलो.

“पूर्ण नाही चालणार,” मी म्हणालो. “पण धारवाल्यापुरतं चालेल.”

“कडक आहेत हो तुमचे मिस्टर,” बाई हिला म्हणाल्या.

“आजच झालेत,” ही म्हणाली.

म्हाताऱ्या नटानं मला कोपऱ्यात नेलं. “चाक कसं काढलं होतं ते दाखवा.” मी त्या रेघ मारलेल्या कागदाच्या समासात काढून दाखवलं. त्यानं खाली सात-आठ वेळा गिरवलं. “पेन कधी धरलेलं नाही त्यानं, बरोबर? मग असं मुठीत धरू. सुरी धरतो तसं.”

अर्ध्या तासात चौकीत दिवे लागले. आख्खं युनिट भिंतीला लागून उभं होतं. मारामारीतले मेलेलेही आले होते. गळा चिरलेला माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याचा मध माझ्या कोटाला लागत होता. पोलीस झालेल्या नटानं टेबलावर काठी आपटली.

“गोदामात कुणीकडून शिरायचं?”

“मला काही माहीत नाही,” धारवाला म्हणाला. दुकानात अवेळी आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणावं तसा, जरा वैतागून.

काठी बसली. म्हणजे खोटी बसली, पण मी डोळे मिटले.

“मला काही माहीत नाही.” आता त्यात भीती होती, उघडी, लहान मुलाची.

तिसऱ्या वेळी आवाज जवळजवळ नव्हताच. ओठ हलले, एवढंच.

चौथ्या वेळी त्यानं मान वर करून पोलिसाकडे बघितलं. तो मारून मारून दमला होता. धारवाल्यानं त्याची समजूत काढल्यासारखं, शांतपणे सांगितलं, “मला काही माहीत नाही.”

मग पेन मुठीत धरून त्यानं जीभ दाताखाली दाबत एक वाकडंतिकडं वर्तुळ काढलं. आत एक आरा, दुसरा, तिसरा, चौथा. पेन खाली ठेवून त्यानं चाक नीट झालं का ते बघितलं, कारागीर बघतो तसं.

बाई ‘कट’ म्हणायला विसरल्या.

“अहो, श्वास घ्या,” ही माझ्या कानात म्हणाली.

टाळ्या कुणी सुरू केल्या ते माहीत नाही, पण हिरोच्या टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या. म्हातारा नट घाम पुसत माझ्याकडे आला. “दीड पान बोललो असतो तर एवढं झालं नसतं, साहेब,” तो म्हणाला, “पण पाठ मात्र झालंय हो. आता ते डोक्यातून कसं घालवू?”

मी हिच्याकडे हात केला. “पाकीट दे. आणि कागद असला तर बघ.”

“कागद नाही आणला. एवढी आशा नव्हती मला.”

नटानं आपले ते दोन कागद पुढं केले. “पाठकोरे आहेत. मला आता नकोत.”

चौकीच्या टेबलावरच मी लिहायला बसलो. समोर खोटी दौत, भिंतीवर खोटा कंदील. ‘आपले पत्र मिळाले’ असं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं:

‘तुम्ही विचारलं होतं, तो कागद मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला का. पाहिला, पण चुकीच्या कागदाला जोडून पाहिला. तुमचे पणजोबा काहीही बोलले नाहीत. चार वेळा विचारलं, चारही वेळा बोलले नाहीत. सहीच्या जागी त्यांनी आपलं चाक काढलं आहे. मूळ कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे ते खाली देतो, कुणालाही दाखवायला सांगा. फितुरी थोट्यानं केली. माझ्या पुस्तकावरून सिनेमा होतो आहे, त्यात ते दिसणार नाही, पण कागदात आहे. हे मला तुमचं पत्र आल्यावर महिन्याभरात कळलं होतं. तुमचे वडील हे वाचायला आता बहुधा नसतील. तो दोष कसरीचा नाही, पाण्याचा नाही, माझा आहे. पान उलटून पाहा, मागे माझ्या पुस्तकावरून सिनेमासाठी बेतलेलं खोटं आहे. ते आज रद्द केलं. समासातली चाकं एका नटानं काढली आहेत, पण चांगली काढली आहेत.’

खाली गठ्ठ्याचा क्रमांक लिहिला, सही केली. पुन्हा वाचलं. ‘बहुधा’ एकच आला होता, आणि तो खोडावा असं कितीही वाटलं तरी मी ठेवला. घडी घातली, पाकिटावर पत्ता लिहिला. धार लावण्याचं दुकान, गल्ली, गाव. एकोणीस वर्षांत पाठ झाला होता.

मी तडक गल्लीत आलो. दगडांच्या उतारावरून जवळजवळ धावतच गेलो. गॅसच्या दिव्याखाली लाल टपालपेटी होती. मी पाकीट तिच्या फटीशी नेलं.

“अहो! अहो, ती लाकडाची आहे!” ही मागून ओरडली. “सिनेमाची आहे ती!”

गोण्यांवर बसलेले कोळसेवाले खदखदून हसले. “आजोबा, त्या पेटीतलं पत्र दीडशे वर्षांपूर्वी पोचेल!” एक जण म्हणाला.

“तसं पोचलं असतं तर बरंच झालं असतं,” मी म्हणालो. माझं मलाच नवल वाटलं, मी दोनशे माणसांत उलट उत्तर दिलं होतं.

खरी पेटी फाटकाबाहेर, बसथांब्याजवळ होती. रंग उडालेली, एका बाजूला कललेली. तिच्यावर उन्हं आली होती. शेवटच्या टपालाला अजून वीस मिनिटं होती, ही घड्याळात बघून म्हणाली, आणि मग चार पावलं मागे जाऊन उगाच बसचा फलक वाचत उभी राहिली.

मी पाकीट उजेडाला धरलं, सवयीनं. आतली घडी पुसट दिसली. कबुलीवरची आडवी रेघ, आणि समासाच्या जागी एकाखाली एक छोटी चाकं. मी पाकीट फटीतून आत सोडलं. पेटी रिकामी असावी. ते खाली तळाला पडल्याचा आवाज आला, एका कागदाचा येतो तेवढाच.